साठ की आठ? कानाचं थोडं समजून घेऊ या

सात रस्त्याला संध्याकाळी दोन मिनिटं उभं राहून बघा. रिक्षा, बस, हॉर्न. शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. तिथून आपण निघून तरी जातो. पण ज्यांची आठ-दहा तासांची ड्युटीच अशा आवाजात असते, त्यांच्या कानाचं काय होतं?

गेल्या पालकसभेला एका विद्यार्थ्याचे आजोबा आले होते. सगळी उमर यंत्रमागावर गेलेली. आम्ही म्हणालो, "गणितात साठ मार्क आहेत." त्यांचा चेहराच उतरला. "फक्त आठ?" नातू हळूच म्हणाला, "सर, दादांना आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत."

मुलाने अगदी नेमकं सांगितलं होतं. कसं ते बघू.

आवाज म्हणजे कंपन. डफावर थाप पडली की कातडं थरथरतं, ते हवेला ढकलतं आणि ती लाट सेकंदाला साधारण 340 मीटर वेगाने आपल्यापर्यंत येते. कानाचा पडदा हलतो. त्याला लागून तीन हाडं असतात, त्यातलं शेवटचं जेमतेम तीन मिलिमीटरचं, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. ते गोगलगायीच्या शंखासारख्या एका नळीतलं पाणी हलवतं. त्या पाण्यात केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे 15 हजार पेशी असतात. त्या थरथर टिपतात आणि मेंदूला खबर देतात.

गवतावरून एकदा चाललं तर गवत पुन्हा उभं राहतं. रोज त्याच जागी चाललं की तिथे पायवाट पडते. या पेशींचंही तसंच. एखाद्या दिवशी कानात सूं वाजतं आणि थांबतं. रोज तेच झालं तर पेशी मरतात, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

मोठ्या आवाजाने आधी बारीक, उंच स्वर टिपणाऱ्या पेशी जातात. स, श, फ ही अक्षरं त्याच पट्ट्यातली. आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले, ते ऐकू येत राहतात. म्हणून "साठ"मधला स हरवतो आणि "आठ" उरतं. घरचे म्हणतात, "दादा मुद्दाम ऐकत नाहीत." तसं नसतं.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. साधं बोलणं 60 च्या आसपास. दर 10 डेसिबलला आवाजातली ऊर्जा दहा पट होते, म्हणजे 90 हे 60 च्या दीडपट नाही, हजार पट आहे. 85 डेसिबल आठ तास, ही साधारण मर्यादा धरतात. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी करायची. 88 ला चार तास, 100 ला फक्त पंधरा मिनिटं! मागाच्या शेडमधला आवाज बऱ्याचदा 90 च्या पुढेच असतो. लग्नातल्या डीजेपुढे तर 100 सहज ओलांडतात.

मीटर नसेल तर सोपी खूण आहे. हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, तर आवाज धोक्याचा आहे असं समजा.

मागावर, लेथवर काम करणाऱ्यांनी इअरप्लग लावावेत. नुसता कापसाचा बोळा पुरत नाही. वरातीत लहान मुलांना स्पीकरजवळ उभं करू नका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. मुलांच्या इअरफोनचा आवाज निम्म्याच्या आसपास ठेवा, मधूनमधून कानाला सुट्टी द्या.

आणि ज्यांचं ऐकणं कमी झालंय, त्यांना सिव्हिलमध्ये किंवा कानाच्या डॉक्टरकडे नेऊन ऑडिओमेट्री करून घ्या. चष्म्याची आपल्याला लाज वाटत नाही, मग कानाच्या मशीनची कसली?

त्या दिवशी आम्ही पाटीवर मोठ्या अक्षरात 60 लिहिलं. आजोबा हसले, नातवाच्या पाठीवर हात ठेवला. घरच्या मोठ्यांशी समोर बसून, चेहरा दिसेल असं, सावकाश बोलायला तर आजपासूनच सुरुवात करता येईल.