सरपणाची करवत : पाते किती इंची घ्यावे?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकांकासाठी कविता द्यावी, ललित लेख द्यावा, फार तर एखादे प्रवासवर्णन द्यावे, असा आपल्याकडे संकेत आहे. मी मात्र करवतीवर लिहिणार आहे. विषय ऐकून संपादक मंडळातील मित्र हसले. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी एका करवतीवरून आठ दिवस जी चर्चा चालली, तीत गणित होते, यंत्रशास्त्र होते, कायदाही होता. त्यातून मला जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी शेती आहे. हा प्रश्न आज ना उद्या त्यांच्याही बांधावर उभा राहील.

आमचे गाव वडीगोद्री, तालुका अंबड. धुळे-सोलापूर महामार्गावरील गाव. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचा हा पट्टा असल्याने पाहुण्यांना तो ऊस आणि मोसंबीचा, म्हणजे सुखवस्तू वाटतो. पण २०१२-१३ च्या दुष्काळात खुद्द नाथसागरच मृतसाठ्यात गेला, तेव्हा जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. मी त्या वेळी प्राथमिक शाळेत होतो. आमची निम्मी बाग त्या साली कुऱ्हाडीखाली गेली. उरलेली दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, टँकरच्या पाण्यावर जगवली. आता त्या झाडांचेही वय झाले होते. डिंक्या रोगाने फांद्या वाळत होत्या. शेवटी गेल्या उन्हाळ्यात ११० झाडे काढण्याचा निर्णय झाला. व्यापारी उभी झाडे मातीमोल भावाने मागत होता. मजूर मिळत नव्हते. तेव्हा लाकूड आपणच कापायचे, दोन वर्षांचे सरपण घरात ठेवायचे, उरलेले विकायचे असे ठरले. त्यासाठी यंत्रकरवत, म्हणजे लोक जिला नुसते 'मशीन' किंवा 'चेन सॉ' म्हणतात ती घ्यायची.

मशीन कोणती घ्यायची, येथून वादाला तोंड फुटले. जालन्यातील दुकानात फळीवर मांडलेल्या यंत्रांवर दोन आकडे मोठ्या अक्षरांत होते : इंजिन किती सीसीचे आणि पाते किती इंची. चुलत्यांची नजर '५८ सीसी, २२ इंच' या पाटीवर खिळली. त्यांचे म्हणणे सरळ होते : "आणायची तर मोठी आणा. बारक्या मशीनीनं काय होणार हाय?" मलाही ते पटले होते. मोठे पाते लहान लाकूड कापते, लहान पाते मोठे लाकूड कापत नाही. मग मोठेच का घेऊ नये? हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो चुकीचा आहे. तो का चुकीचा आहे, हेच या लेखात सांगायचे आहे.

प्रथम यंत्राची रचना पाहू. साखळीकरवतीत एक चपटी पोलादी पट्टी असते. तिच्या कडेने खाच असते आणि त्या खाचेतून सायकलच्या चेनसारखी एक साखळी फिरते. सायकलच्या चेनला दात नसतात, हिला असतात. या पट्टीलाच आपण पाते म्हणतो, वास्तविक ती कापत नाही. कापते ती साखळी. पात्याची लांबी म्हणजे यंत्राच्या तोंडापासून पात्याच्या नाकापर्यंतची लांबी.

या यंत्राचा इतिहासही मोठा विचित्र आहे. साखळीची पहिली करवत लाकडासाठी नव्हे, हाडासाठी निघाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन व जेम्स जेफ्री या दोन स्कॉटिश शल्यवैद्यांनी अडलेल्या बाळंतिणीच्या शस्त्रक्रियेसाठी हाताने ओढण्याची बारीक साखळीकरवत वापरात आणली. १९२६ साली जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी लाकडासाठी विजेवर चालणारी करवत बनविली. तिचे वजन ६४ किलो होते आणि ती पेलायला दोन माणसे लागत. पुढे अमेरिकेत जो कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे निरखून साखळीच्या दाताला नवे वळण दिले आणि १९४७ मध्ये तशी साखळी विकण्यास सुरुवात केली. आजच्या साखळीचा दात मुळात त्याच घडणीचा आहे. असो.

वाद मिटविण्यासाठी दादांनी मला सुतळी दिली आणि म्हणाले, "झाडं मोजून ये." मी बागेत गेलो. खोडाभोवती सुतळी गुंडाळून घेर मोजायचा आणि त्याला ३.१४ ने भागायचे की व्यास मिळतो, हे आपण शाळेत शिकलो. त्याचा उपयोग मला प्रथमच झाला. मोसंबीच्या खोडाचा घेर सरासरी ६३ सेंटिमीटर, म्हणजे व्यास २० सेंटिमीटर, सुमारे ८ इंच. फांद्या ३ ते ५ इंचांच्या. बांधावरची सर्वांत जाड बाभूळ घेराला ९४ सेंटिमीटर, म्हणजे व्यास ३० सेंटिमीटर, १२ इंच. याखेरीज बांधावर एक जुनी चिंच आहे. तिचा घेर ११ फूट भरला. व्यास ४२ इंच.

साधारण नियम असा आहे की, नेहमी कापायच्या लाकडाच्या व्यासापेक्षा पाते दोन इंच लांब असावे. त्या हिशेबाने मोसंबीला १० इंच पुरते आणि बाभळीला १४ इंच. शिवाय एखादे जाड खोड निघालेच, तर ते दोन्ही बाजूंनी कापता येते; १६ इंची पात्याने २ फुटांपर्यंतचा ओंडका असा कापता येतो. चिंचेला मात्र २२ इंची पातेही एका दमात पुरले नसते!

आता लांब पात्याने बिघडते काय? पहिली गोष्ट, साखळी जितकी लांब तितके घर्षण अधिक. ते सारे इंजिनालाच ओढावे लागते. म्हणून पाते आणि सीसी यांची जोडी जमावी लागते : १४ ते १६ इंचांना ३५ ते ४५ सीसी, १८ इंचांना ५० च्या आसपास, त्यापुढे ५५ ते ६० सीसी. लहान इंजिनावर लांब पाते चढविले तर साखळी लाकडात मंदावते, माणूस जोर देतो आणि इंजिन तापते. उलट मोठे इंजिन घ्यावे तर त्याचे वजन दिवसभर मनगटाला पेलावे लागते.

दुसरी गोष्ट धारेची. १६ इंची पात्याच्या ज्या साखळ्या मी पाहिल्या त्यांना ६६ कड्या व ३३ दात होते. २२ इंचीला ८६ कड्या व ४३ दात. वाळलेली बाभूळ पोलादासारखी कठीण. बैलगाडीची चाके उगीच तिची करीत नसत. अशा लाकडात धार वरचेवर लावावी लागते. प्रत्येक वेळी दहा दात अधिक घासायचे, तेही जे दात आठ इंचांच्या खोडात कधी कामालाच येत नाहीत, याला अर्थ नाही.

तिसरी गोष्ट जमिनीची. सरपणाचे बहुतेक काम आडव्या पडलेल्या लाकडावर चालते. आठ इंचांच्या खोडावर २२ इंची पाते टेकवले की चौदा इंच पलीकडे मोकळे राहते आणि खाली झुकले की मातीत शिरते. मातीत एकदा घुसलेली साखळी पुन्हा धार लावल्याशिवाय चालत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. खरेदीआधी चुलत्यांनी ओळखीच्या एका माणसाकडून २२ इंची मशीन दोन दिवसांसाठी आणली होती. ते फांद्यांच्या ढिगात खोड कापत होते. पात्याचे नाक पलीकडे, त्यांना न दिसणाऱ्या एका फांदीला लागले. क्षणात सारे यंत्र उसळून त्यांच्या खांद्याकडे आले. पुढच्या दांडीवर हात आपटला, ब्रेक लागला आणि साखळी खांद्यापासून वीतभर अंतरावर थांबली. चुलते खाली बसले. बराच वेळ कोणी बोलले नाही.

यामागचे कारण साधे आहे. पात्याच्या वरच्या कडेवर साखळी आपल्यापासून दूर, नाकाकडे धावते आणि नाकाला वळसा घालून खालून परत येते. नाकाचा वरचा चतुर्थांश भाग कशाला अडला की साखळीचा जोर पात्याला वर आणि मागे फेकतो. पाते लहान असले तरी हा धोका असतोच. पण जे नाक आपल्याला दिसत नाही, ते कशाला लागेल हेही कळत नाही. कामापुरते पाते असले तर नाक डोळ्यांसमोर राहते. म्हणून साखळीचा ब्रेक नसलेली मशीन स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

त्या संध्याकाळी चुलत्यांनी शेवटचा मुद्दा मांडला : "आन् ती चिंच? ती कशानं तोडायची?" दादा म्हणाले, "चिंच कोण तोडायलंय?" त्यावर कोणी उत्तर दिले नाही. पुढे मी माहिती काढली. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, आंबा, मोह, जांभूळ यांच्याबरोबर चिंचही आहे. आपल्या स्वतःच्या रानातली असली तरी परवानगीवाचून ती तोडता येत नाही. म्हणजे जे झाड तोडायचे नव्हते आणि तोडताही येत नव्हते, त्याच्या मापाने आम्ही यंत्र घ्यायला निघालो होतो!

आम्ही ४५ सीसीचे, १६ इंची पात्याचे यंत्र घेतले. विजेवरची करवत हलकी व स्वस्त असते, पण बागेत वायर किती ओढणार आणि शेतीच्या विजेच्या वेळा कोण पाळणार, म्हणून तो विचार सोडला.

वापराविषयी थोडे. साखळी बदलताना केवळ पात्याची लांबी सांगून भागत नाही. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधील अंतराचे निम्मे म्हणजे 'पिच'; ते, पात्याच्या खाचेची रुंदी आणि कड्यांची संख्या, ही तिन्ही मापे जुळावी लागतात. जुनी साखळी सोबत नेणे उत्तम. कानसही पिचप्रमाणे निराळी, आमच्या ०.३२५ इंची पिचला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. धार आहे की नाही हे भुशावरून ओळखावे : चपटे कपटे उडत असतील तर धार आहे, पिठासारखा भुसा पडत असेल तर थांबावे. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल माहितीपुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावे. १:५० असेल तर लिटरला २० मिलिलिटर. साखळीचे तेल वेगळे, त्याची टाकी वेगळी. साखळी पात्याला खालून लागून असावी, पण इंजिन बंद असताना हाताने फिरावी.

मोसंबीवाल्यांसाठी एक खास सूचना. आपण खोडांना दरवर्षी बोर्डो पेस्ट लावतो आणि बुंध्यावर वाळवीचे मातीचे थर चढलेले असतात. ते आधी कुऱ्हाडीच्या पात्याने खरवडून काढावेत. पहिल्या दिवशी आम्ही ते केले नाही आणि दुपारपर्यंत साखळी बोथट झाली. ओंडका दोन टोकांवर टेकलेला असेल तर वरून तिसरा हिस्सा कापून उरलेला खालून कापावा, नाहीतर पाते चिमटते. आणि डोळ्यांवर चष्मा, पायांत बूट. धोतराचा सोगा, गळ्यातला रुमाल यंत्राजवळ नको. ढलपी फोडायला मात्र कुऱ्हाड, पाचर आणि घणच लागतात. तेथे कोणत्याही इंचांचा उपयोग नाही.

११० झाडांचे लाकूड आम्ही सव्वा महिन्यात कापले. चुलीपुरते दीड फुटांचे तुकडे, बंबासाठी त्याहून लहान. शेवटचे झाड दादांनी स्वतः कापले. यंत्र बंद केल्यावर ते बुंध्यावर बसले आणि कड्यांवर बोट फिरवीत किती वर्षे झाली ते मोजू लागले. टँकरच्या सालाची कडी कोणती असेल, असे मी विचारले. ते म्हणाले, "बारीक असंल, बघ." आम्ही दोघेही शोधत राहिलो.

यंत्र घेताना आपण बहुधा आपल्याजवळच्या सर्वांत मोठ्या कामाचा विचार करतो. रोजचे काम मात्र आठ इंचांचे असते. सुतळी घेऊन आधी बागेत जावे, मग दुकानात. चिंच अजून बांधावर उभी आहे. आमचे पाते तिला पुरत नाही, आणि त्याची खंत आता चुलत्यांनाही वाटत नाही.