पायाने चढणारा स्वर

पेडल स्टील गिटार घरी बनवायची तर मलकापुरात सुताराइतकाच लेथवालाही गाठावा लागेल. हातातली पोलादी कांडी तारेवरून सरकते, तर पायाखालचे पेडल दांड्यामार्फत तारच ताणते. स्वर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. म्हणजे सा वरून रे गाठायला ताण सुमारे 26 टक्के वाढवायचा! खरी गोम पुढे आहे. दहा तारांनी आधीच ओढलेली लाकडी पेटी पेडल दाबताच केसभर लवते आणि बाकीच्या तारा उतरतात. लाकूड मुरलेलेच हवे. मिरजेच्या सतारीला पेडल लागत नाही. बोटाने तार बाजूला ओढली की मींड निघते, तत्त्व तेच. पेडल स्टीलवर मोकळी तार खुंटीने लावायची, ओढलेला स्वर मात्र दांड्याच्या टोकाच्या नायलॉन नटाने.