सेट सुटा मिळेल का?

रामनवमीच्या आधीचा आठवडा म्हणजे आमच्या दुकानात एकच प्रश्न. "गीतरामायणाचा सेट आहे का? आणि सुटा मिळेल का?"

नाशिकच्या मेन रोडवर मी वीसेक वर्षं कॅसेटी विकल्या. दहा कॅसेटींचा तो सेट फोडायला माझा हात धजत नसे. एक गेली की उरलेल्या नऊ माझ्या बोकांडी. पण गाव नाशिक, गिऱ्हाइकांना राम पंचवटीत येतो तेवढीच कॅसेट हवी असायची. शेवटी एकदा एक सेट फोडलाच.

एका कलाकाराचं किंवा एका कामाचं सगळं एकाच खोक्यात, त्याला आता बॉक्स सेट म्हणतात. त्यात लोकांना काय हवं असतं, ते मी काउंटरवर उभा राहून ऐकलंय. नुसती सगळी गाणी मिळून त्यांचं समाधान होत नाही.

एक निवृत्त मास्तर यायचे. सेट हातात घ्यायचे, उलटून पाहायचे, परत ठेवायचे. "आई रेडिओवर ऐकायची ती सीता यात आहे का?"

"मास्तर, यात सगळं बाबूजींच्याच आवाजात."

"मग अर्धंच झालं की!"

अर्धं कसलं? बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, एकट्याने रामही उभा केला नि कौसल्याही. पण मास्तरांचं म्हणणं मला कळायचं. 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. कल्पना सीताकांत लाडांची, शब्द गदिमांचे. आठवड्याला एक गाणं, म्हणजे वर्षाची 52. त्या साली अधिक महिना आला आणि 56 झाली. तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, लता मंगेशकर असे वेगवेगळे आवाज होते. रेडिओचे ते आवाज आणि बाबूजींचं गाणं एकाच खोक्यात शेजारी शेजारी असावं, एवढंच मास्तरांचं मागणं. असं खोकं माझ्या दुकानात कधी आलं नाही.

दुसरी मागणी कागदाची. कॅसेटच्या डबीतली ती घडीची चिठ्ठी काही लोक गाण्याआधी वाचायचे, तीही भिंगातून. गाण्यांची नावं असायची, किंमत असायची. साथीला कोण, ध्वनिमुद्रण कधीचं, हे बहुतेक वेळा नसायचंच. गीतरामायणात व्हायोलिनवर प्रभाकर जोग होते, हे मला एका गिऱ्हाइकाने सांगितलं. जुन्या भावगीतांच्या एका सेटमध्ये तर पाचव्या डबीत चौथीच कॅसेट निघाली. कंपनीचं नाव घेत नाही, पण बदलून मिळेपर्यंत दिवाळी उलटली.

आवाजाच्या बाबतीत तर लोक फारच हळवे. जुन्या 78 आरपीएमच्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. त्यामुळे मैफलीत ऐकलेला एखादा अंतरा तबकडीवर नसला, की तो कुठे मिळेल म्हणून विचारणा. आणि जुन्या गाण्याला खाली नवा ठेका जोडला की, "हे परत घ्या." साहेबाच्या देशातही हेच. 2009 साली बीटल्सची गाणी नव्याने साफ करून निघाली, तेव्हा स्टिरिओच्या जोडीला मोनोचाही वेगळा बॉक्स काढावा लागला. त्यांची सुरुवातीची बरीच वर्षं मोनोलाच मान होता, आणि चाहत्यांना तेच हवं होतं.

आता दुकान नाही. मुलाने कारवां, म्हणजे गाणी आधीच भरलेला प्लेअर, आणून दिलाय. बटण दाबलं की गाणं लागतं, पण हातात धरून वाचायला चिठ्ठी नाही. फोडलेला तो सेट मात्र घरी आहे. टेप ढिली पडली की अजून पेन्सिल घालून फिरवतो. रामनवमीला पहिल्या कॅसेटपासून लावतो. अयोध्या होते, गंगा ओलांडून होते, चित्रकूट होतो, आणि मग एकदम पुढची कथा. मधली कॅसेट मीच विकलेली. काळाराम मंदिरापासून दहा मिनिटांवर राहतो, पण आमच्या घरी राम पंचवटीत काही पोचत नाही.