कालमर्यादेबाहेरचा गुन्हा : ‘कवलुदारी’तील न्याय आणि स्मृती

न उलगडलेल्या खुनाच्या कथेत तपासाइतकेच महत्त्व काळाला असते. हा काळ कायद्याचा असतो, तसाच माणसाचाही. आणि दोहोंच्या मुदती सारख्या नसतात. हेमंत राव दिग्दर्शित ‘कवलुदारी’ (२०१९) या कन्नड चित्रपटाचे मर्म या तफावतीत आहे.

बेंगळुरूत खोदकाम चालू असता मानवी अस्थी सापडतात. खून सुमारे चाळीस वर्षांपूर्वीचे. गुन्हे शाखेत जाण्याची आस असलेला वाहतूक पोलीस श्याम आपण होऊन प्रकरणामागे लागतो आणि त्या काळी तपास केलेल्या, आता निवृत्त असलेल्या मुत्तण्णांपर्यंत पोहोचतो.

चित्रपट बेळ्ळंदूरचा नाही. परंतु तो पाहताना बेळ्ळंदूर आठवणे स्वाभाविक आहे. तलावाकाठचे हे शेतीचे गाव दोन-तीन दशकांत माहिती-तंत्रज्ञान संकुलांच्या वेढ्यात हरवले; सांडपाण्याने ग्रासलेल्या त्या तलावात जानेवारी २०१८ मध्ये आगही भडकली. अशा शहरात जुना साक्षीदार शोधावा कोठे? अस्थी जमिनीत टिकतात, त्यांची ओळख सांगणारा शेजार टिकत नाही.

भारतीय कायद्यात खुनाला कालमर्यादा नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मधील मर्यादा तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतीच होती. २०२४ मध्ये तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही तेच धोरण राखले. दक्षिण कोरियात तसे नव्हते. बोंग जून-हो यांच्या ‘मेमरीज ऑफ मर्डर’ला (२००३) आधारभूत असलेले ह्वासाँगचे खून १९८६ ते १९९१ या काळातले. त्यांतील शेवटच्या खुनाची पंधरा वर्षांची मुदत २००६ मध्ये संपली. २०१९ मध्ये जनुकीय पुराव्यावरून गुन्हेगाराची ओळख पटली, तेव्हा खटला भरणेच अशक्य झाले होते. तेथे स्मृती कायद्याहून दीर्घायुषी ठरली. ‘कवलुदारी’त नेमके उलट घडते : कायद्याचे दार उघडे असते, पण त्या दाराशी जाणारा थकलेला असतो.

मराठीतील ‘आक्रीत’ (१९८१) किंवा ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६) यांच्यामागे मानवत आणि जोशी-अभ्यंकर ही निकाल लागलेली प्रकरणे होती. न लागलेल्या निकालाचे ओझे वाहणारा मुत्तण्णांसारखा नायक त्या चित्रपटांना लागलाच नाही.

मुत्तण्णांची भूमिका अनंत नाग यांनी केली आहे. मुंबईच्या रंगभूमीवर घडलेल्या या नटाने याच दिग्दर्शकाच्या २०१६ च्या चित्रपटात स्मृतिभ्रंशामुळे शहरात हरवलेला वृद्ध साकारला होता. दोन्ही भूमिका शेजारी ठेवल्या, म्हणजे एकाच शहराची दोन दुखणी दिसतात : एकाला काही आठवत नाही, दुसऱ्याला विसरता येत नाही. त्या आधीच्या चित्रपटाचे नाव ‘गोधी बण्ण साधारण मैकट्टु’, म्हणजे ‘गव्हाळ वर्ण, साधारण बांधा’. बेपत्ता माणसाच्या जाहिरातीतले हे वर्णन कोणालाही लागू पडेल असे आहे.