तरुण मतदार आणि त्याच्या कानावर पडणारे शब्द

मत देण्यासाठी मनुष्य पडद्याआड जातो, तेव्हा त्याच्यासमवेत बाप नसतो, पुढारी नसतो, संपादकही नसतो. तरीही तो खरोखर एकटा असतो काय? महिनोगणती जे वाचले, ऐकले आणि पाहिले, ते सारे त्याच्या मनातून आत आलेले असते. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारी घटनादुरुस्ती १९८९ साली अंमलात आली. म्हणजे आपली मुले शाळेचा उंबरठा ओलांडतात न ओलांडतात, तोच हा अधिकार त्यांच्या हाती येतो. तेव्हा त्यांची मते कशी घडतात, याचा विचार घरोघरी व्हावयास हवा.

गोव्यातील जनमत कौलाचे उदाहरण घेऊ. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाची निशाणी फूल, तर वेगळे राहण्याची दोन पाने. त्या दिवशी प्रथमच मत देणारा २१ वर्षांचा तरुण डोळ्यांसमोर आणा. त्याचे बालपण पोर्तुगीज अमदानीत गेले. वर्तमानपत्रातील मजकूर छापण्यापूर्वी सरकारी तपासणीतून जाई, असा तो काळ. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि पुढील पाचच वर्षांत ह्या तरुणापुढे परस्परांशी उघड भांडणारी वर्तमानपत्रे आली.

१९६२ साली निघालेला ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूचा, तर ‘राष्ट्रमत’ विरोधातला. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की दोन्ही पत्रे मराठीच. ‘राष्ट्रमत’मध्ये उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर लिहीत. एका बाजूने भाषेचे आणि संस्कृतीचे नाते पुढे मांडले जाई. दुसऱ्या बाजूने कोकणीची अस्मिता, नोकऱ्या, आणि महाराष्ट्रातील दारूबंदी आली तर माडाच्या सुरेवर पोट भरणाऱ्या रेंदेरांचे काय होईल, हे प्रश्न. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत उल्हास बुयांव यांच्या गाण्यांतून विरोधकांचे म्हणणे पोहोचले. अखेरीस वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली.

कोणती बाजू बरोबर होती, हा आजचा प्रश्न नव्हे. जो एकच पत्र वाची, त्याला दुसऱ्या बाजूचे लोक एकतर भोळे, नाहीतर स्वार्थी वाटणार. जो दोन्ही वाची, त्याला निदान एवढे कळणार की शेजाऱ्यापाशीही काही कारणे आहेत. मत त्याने कोणालाही दिले, तरी ते समजून दिलेले असणार.

काय विचार करावा, हे वर्तमानपत्र आपल्याला नेहमीच पटवू शकते असे नाही. परंतु कशाचा विचार करावा, हे ते पुष्कळदा ठरविते. १९६८ साली अमेरिकेतील चॅपेल हिल या गावी मॅकोम्ब्स आणि शॉ या दोन प्राध्यापकांनी, ज्यांचे मत अद्याप ठरले नव्हते अशा १०० मतदारांना, देशापुढील मोठे प्रश्न कोणते असे विचारले. मतदारांनी सांगितलेला क्रम हा वृत्तपत्रांनी व दूरचित्रवाणीने ज्या प्रश्नांना महत्त्व दिले होते त्यांच्या क्रमाशी पुष्कळच जुळला. आपल्याकडे वेगळे काय घडते? गावच्या विहिरीचा तळ दिसू लागलेला असतो, शाळेत शिक्षक नसतो. आणि तरुणांची चर्चा मात्र दूरच्या कुठल्यातरी पुढाऱ्याच्या बोलण्यावर रंगलेली असते.

आता तर वर्तमानपत्राची जागा हातातील मोबाइलने घेतली आहे. वर्तमानपत्रावर संपादक, मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे तरी छापलेली असतात. दहा हातांतून पुढे आलेल्या निरोपाला मायबाप नसतो. अशा निरोपांचा सुळसुळाट इतका झाला की २०१८ साली व्हॉट्सअ‍ॅपला भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घालावी लागली. शिवाय ज्या चित्रावर आपण थबकतो, तशीच चित्रे यंत्र पुन्हा पुन्हा पुढे करते. एकाच घरातील बहीण-भावांना दोन निरनिराळी जगे दिसतात आणि दोघांनाही आपलेच जग खरे वाटते.

यावर उपाय मोबाइल हिसकावून घेणे हा नव्हे. हे कोण म्हणतो, त्यात त्याचा लाभ काय, आणि कोणती गोष्ट सांगावयाची राहिली, एवढे तीन प्रश्न मुलांना विचारावयास शिकवावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ सालच्या निर्णयामुळे उमेदवाराला आपले शिक्षण, मालमत्ता आणि आपल्यावरील फौजदारी खटले प्रतिज्ञापत्रात सांगावे लागतात. निवडणूक आयोग ती प्रतिज्ञापत्रे सर्वांसाठी खुली ठेवतो. शंभर चित्रफिती पाहण्यापेक्षा ते एक प्रतिज्ञापत्र वाचणे अधिक उपयोगाचे.

आणि आईबापांनो, रात्री जेवणे आटोपल्यावर मुलांशी या विषयावर बोला. पण मत कोणाला द्यावे हे फर्मावू नका. धर्माच्या नावाने मते मागण्यास कायद्याची मनाई आहे; आम्हा धर्मगुरूंनीही त्याचे भान ठेवले पाहिजे. विरुद्ध पक्षाचे म्हणणे त्या पक्षालाही मान्य होईल अशा शब्दांत मुलाला किंवा मुलीला सांगता येते का, एवढेच पाहा. सांगता आले, तर मतदानाच्या दिवशी त्यांना निःशंक मनाने एकटे जाऊ द्या.