मास्कच्या यंत्रातले दोन दाब

गेल्या थंडीत एका आजोबांना त्यांचा मुलगा रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन आला. चाळीस वर्षांची विडी, जुना खोकला, तीन दिवस धाप. “रात्रभर तळमळत होते, आता सकाळपासून छान झोप लागलीय,” मुलगा म्हणाला. पण ती झोप नव्हती, कर्बवायूची गुंगी होती. मी त्यांना तसेच मोठ्या रुग्णालयात पाठविले.

वाचकहो, श्वासाची कामे दोन. प्राणवायू आत घेणे आणि कर्बवायू बाहेर टाकणे. विडीने किंवा चुलीच्या धुराने श्वासनलिका अरुंद झाल्या की हवा छातीत कोंडते, स्नायू थकतात, कर्बवायू साचतो आणि रक्तातील आम्लता वाढते. अशा वेळी नातेवाईक म्हणतात, “ऑक्सिजन वाढवा ना!” पण या रुग्णांत जादा प्राणवायूने कर्बवायू आणखी वाढतो. म्हणून बोटावरच्या यंत्राचा आकडा मुद्दाम ८८ ते ९२ च्या दरम्यानच ठेवतात.

इथे बायपॅप उपयोगी पडते. घट्ट मास्कमधून हे यंत्र श्वास घेताना जास्त व सोडताना कमी दाब देते. सुरुवात साधारणपणे वरचा दाब १० ते १२ व खालचा ४ ते ५ सेंटिमीटर पाणी अशी होते. खालचा दाब श्वासनलिका उघड्या ठेवतो, पण कर्बवायू बाहेर काढतो तो या दोहोंतील फरक! म्हणून वरचा दाब हळूहळू १५, २०, प्रसंगी त्याहूनही पुढे न्यावा लागतो. एकदम वाढविला तर रुग्ण घाबरून मास्क ओढतो, पोटात हवा भरते. मात्र सुरुवातीच्याच आकड्यावर रात्रभर यंत्र सोडून देणे हीदेखील चूकच. तासा-दोन तासांनी मनगटाच्या धमनीतले रक्त पुन्हा तपासतात ते यासाठी. पीएच ७.३५ च्या खालीच रेंगाळला तर दाब व मास्कची गळती पाहावी लागते, नाहीतर घशात नळी घालायची वेळ येते.

१९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात अशा रुग्णांतील मृत्यू मास्कमुळे २९ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले होते.

नातेवाईकांनी चहा पाजण्यासाठी परस्पर मास्क काढू नये. उलटी होतेय असे वाटले किंवा गुंगी वाढली तर तत्काळ सिस्टरना हाक मारावी. आणि भाड्याने आणलेल्या यंत्राचे आकडे शेजाऱ्याच्या सल्ल्याने फिरवू नयेत. असेही घडलेले मी पाहिले आहे.