वाळवंटातल्या कासवाला दमट हवा कशाला लागते?

पाठीवर छोटे छोटे डोंगर उठलेलं पाळीव कासव एखाद्या रीलमध्ये तुम्ही पाहिलं असेल. कमेंट्समध्ये त्याचं कौतुकही होतं. पण सुल्काटा जातीच्या कासवाची पाठ अशी दिसत असेल, तर ते सौंदर्य नाही, दोष आहे. निरोगी सुल्काटाची पाठ गुळगुळीत घुमटासारखी असते. कवचाच्या प्रत्येक तुकड्याचा सुळका होण्याला ‘पिरॅमिडिंग’ म्हणतात आणि एकदा आलेला सुळका पुन्हा सपाट होत नाही.

सुल्काटा मूळचा आफ्रिकेतला, सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातला. वाळवंटाच्या काठचा प्राणी म्हटल्यावर पाळणाऱ्यांनी त्याला वर्षानुवर्षं कोरड्या, गरम पेटीत वाढवलं. पाठ बिघडली की दोष खाण्यातल्या प्रोटीनवर जायचा. २००३ मध्ये व्हिएन्नातल्या संशोधकांनी ५० पिल्लांवर पाच महिने केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठीवर जास्त उंचवटे आले होते. प्रोटीनच्या कमी-जास्त प्रमाणाने त्यामानाने फारसा फरक पडला नव्हता.

याचं कारण कासवाच्या राहणीत आहे. साहेल वरून कोरडा असला, तरी सुल्काटा दिवसाचा मोठा भाग खोल बिळात काढतो आणि तिथली हवा ओलसर असते. म्हणजे आपण त्याला वाळवंटातलं ऊन दिलं, पण बीळ द्यायचं विसरलो.

आधी कायदा

भारतात सर्रास विकलं जाणारं स्टार कासव पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. दुकानदार काहीही सांगो. सुल्काटा विदेशी आहे, पण तो साइट्स करारातल्या यादीत असल्याने त्याची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आणखी एक गोष्ट म्हणजे, तळहातावर मावणारं हे पिल्लू मोठेपणी ४० किलोच्या पुढे जाऊ शकतं. वन बीएचकेमध्ये राहणाऱ्यांनी इथेच थांबलेलं बरं.

ओल किती?

पिल्लासाठी हवेतली आर्द्रता साधारण ७० ते ८० टक्के लागते. त्यासाठी पेटी वरून बरीचशी बंद असावी. तळाला कोकोपीटचा जाड थर घालून तो खालून ओला आणि वरून कोरडा राहील असं पाणी घालावं. एका कोपऱ्यात उलटं घातलेलं कुंडं ठेवलं की बिळाचं काम होतं. रोज १५-२० मिनिटं कोमट, उथळ पाण्यात बसवलं की पिल्लू पाणीही पितं. आर्द्रता मोजायचा मीटर पेटीच्या छताला नको, कासवाच्या उंचीला लावा.

जुलैतल्या मुंबईत हे सगळं आपोआप होतं, उलट बुरशीवर लक्ष ठेवावं लागतं. मे महिन्यातलं नागपूर किंवा दिवसरात्र एसी चालणारी खोली यांचं गणित मात्र वेगळं. एसी हवा थंडही करतो आणि कोरडीही.

ओल चालते, पण गारठा नको

ओल आणि थंडी एकत्र आली की श्वसनाचे आजार होतात. नाकातून बुडबुडे येणं, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं असं दिसलं, तर घरगुती उपाय न करता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जा.

कासव स्वतःच्या शरीराची उष्णता तयार करू शकत नाही. ऊन आणि सावली यांत ये-जा करून ते तापमान सांभाळतं. म्हणून सगळी पेटी एकसारखी गरम करू नका. दिव्याखाली साधारण ३५ ते ३८ अंश आणि दुसऱ्या टोकाला २६-२७ अंश असं ठेवा. पिल्लू ओल्या पेटीत असेल, तर रात्रीही पारा २५ च्या खाली जाऊ देऊ नका. त्यासाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटला जोडून वापरतात. लाल बल्ब कासवाला दिसत नाही असं सांगून विकला जातो, पण कासवाला लाल रंग व्यवस्थित दिसतो. त्याला रात्री अंधारच हवा.

काचेची टाकी उन्हात ठेवायचा मोह टाळा. बंद काचेआड तापमान काही मिनिटांत जीवघेणं होतं.

मग खिडकीतलं ऊन?

तेही पुरत नाही. उन्हातल्या यूव्हीबी किरणांमुळे कासवाच्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम हाडांपर्यंत, कवचापर्यंत पोचत नाही. कवच मऊ पडतं, पाय वाकतात. साध्या खिडकीची काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. त्यामुळे बाल्कनीत किंवा अंगणात, सावलीची सोय ठेवून थेट ऊन देणं सगळ्यात चांगलं आणि फुकट. ते शक्य नसेल तर यूव्हीबी ट्यूब घ्या आणि दिवसाला साधारण १२ तास लावा. ट्यूब आणि कासव यांच्यामध्ये काच किंवा प्लास्टिक येऊ देऊ नका.

ही ट्यूब डोळ्यांना वर्षानुवर्षं तशीच उजळ दिसते, पण तिच्यातलं यूव्हीबी त्याआधीच ओसरलेलं असतं. मोजायचं यंत्र महाग आहे. नसेल तर कंपनीने दिलेल्या मुदतीत, बहुतेकदा सहा महिने ते वर्षभरात, ट्यूब बदला आणि ती लावल्याची तारीख तिच्यावरच मार्करने लिहून ठेवा.